मेंदूची गाठ आणि ‘किती दिवस?’चा आकडा : रुग्णालयाची नोंदवही काय सांगते, काय सांगत नाही

ग्लिओब्लास्टोमा ही मोठ्या माणसांच्या मेंदूत होणाऱ्या घातक गाठींपैकी सर्वाधिक आढळणारी आणि सर्वांत आक्रमक गाठ. हा आजार झाल्यावर रुग्ण साधारण किती जगतो, या प्रश्नाची दोन उत्तरं वैद्यकीय लिखाणात शेजारी शेजारी सापडतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या युरोप आणि कॅनडातल्या ५७३ रुग्णांच्या चाचणीत रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड हे औषध घेतलेल्यांचं जगण्याचं मध्यक १४.६ महिने आलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदींत याच आजाराचं मध्यक सुमारे ८ महिने दिसतं. आजार तोच, औषधही तेच, आणि अमेरिकेत उपचारांची वानवा आहे असंही नाही. मग जवळपास दुपटीचा फरक कुठून आला?

तो आला मोजलेल्या माणसांमधून. चाचणीत १८ ते ७० वयाचे, बायोप्सी किंवा ऑपरेशन होऊन सावरलेले आणि स्वतःचं बऱ्यापैकी स्वतः करू शकणारे रुग्ण घेतले होते. राष्ट्रीय नोंदीत सगळे येतात. ८२ वर्षांच्या आजी, ज्यांच्यावर घरच्यांनी ऑपरेशन नको म्हटलं, त्याही येतात आणि निदानानंतर आठवडाभरात गेलेला माणूसही. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

भारतात मात्र आपल्यापुढे बहुतेक वेळा तिसऱ्याच जातीचा आकडा येतो, तो म्हणजे एखाद्या मोठ्या कर्करोग रुग्णालयाच्या नोंदवहीतला. रुग्णाचे नातेवाईक मोबाइलवर शोधतात तेव्हा तो सापडतो, बातम्यांत तो ‘भारतातलं चित्र’ म्हणून छापला जातो आणि धोरणाच्या चर्चेतही तोच पुढे केला जातो. म्हणून तो तयार कसा होतो हे पाहायला हवं.

नोंदवह्या दोन प्रकारच्या

पहिला प्रकार लोकसंख्येवर आधारित नोंदणीचा. ठरलेल्या भागात राहणाऱ्या प्रत्येक माणसाचा कर्करोग त्यात टिपला जातो, मग उपचार सरकारी रुग्णालयात होवोत, खासगीत होवोत किंवा होवोतच ना. भारतातली अशी पहिली नोंदणी १९६३ साली मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. ग्रामीण भागातली पहिलीही महाराष्ट्रातच, १९८७ साली बार्शीत. बार्शीसोबत परांडा आणि भूम तालुक्यांतली गावं तिच्या कक्षेत आली.

दुसरा प्रकार रुग्णालयाच्या नोंदणीचा. इथे रुग्णालयाच्या दारातून आत आलेला प्रत्येक कर्करुग्ण मोजला जातो, तो कुठलाही असो. आयसीएमआरने १९८२ मध्ये राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम सुरू केला तेव्हा बेंगळुरू, चेन्नई आणि मुंबईत पहिल्या प्रकारच्या, तर चंदीगड, दिब्रुगड आणि तिरुवनंतपुरममध्ये दुसऱ्या प्रकारच्या नोंदवह्या होत्या. कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात पहिल्या प्रकारच्या २८ आणि दुसऱ्या प्रकारच्या ५८ नोंदवह्यांची माहिती आहे.

पहिली नोंदवही सांगते की एखाद्या भागात दर लाख लोकांमागे किती जणांना आजार होतो. दुसरीला हे सांगताच येत नाही, कारण तिच्याकडे भागाकार करायला खालची लोकसंख्या नसते. मुंबईच्या टाटा रुग्णालयात उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमधून माणसं येतात. त्या बेरजेला कुठल्या लोकसंख्येने भागणार? तरीही रुग्णालयाच्या नोंदवहीत एक गोष्ट असते जी लोकसंख्येच्या नोंदवहीत सहसा सापडत नाही. गाठीचा नेमका प्रकार, ऑपरेशन झालं का, रेडिएशन पूर्ण झालं का, हा सगळा तपशील तिथे असतो.

अर्थात तो असायला हवा, एवढंच. देशातल्या ९६ रुग्णालयांच्या २०१२ ते २०१९ या काळातल्या नोंदींचा अहवाल २०२१ मध्ये आला. त्यात नोंदवलेले कर्करुग्ण होते १३,३२,२०७. माहितीचा दर्जा आणि पूर्णता तपासल्यावर विश्लेषणासाठी उरले ६,१०,०८४. म्हणजे निम्म्याहून जास्त माणसं नोंदली गेली, पण अभ्यासात मोजली गेली नाहीत. हे उघडपणे सांगितलं गेलं ही चांगलीच गोष्ट आहे. पण ‘भारतातले रुग्ण’ असं वाक्य वाचताना हा गाळलेला अर्धा भाग लक्षात ठेवायला हवा.

‘साधी गाठ’ कुठे जाते?

मेंदूच्या बाबतीत एक अडचण जास्तीची आहे. स्तनात किंवा गर्भाशयात गाठ निघाली की पहिला प्रश्न असतो, साधी आहे की कॅन्सरची? साधी असेल तर घरात सुटकेचा श्वास. कवटीच्या आत हा फरक इतका सरळ राहत नाही. तिथे जागाच नसते. मेंदूच्या आवरणातून वाढणारी मेनिंजिओमा बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, तरी दृष्टी घालवू शकते, फिट आणू शकते आणि चुकीच्या जागी वाढली तर जीवही घेऊ शकते.

कर्करोग नोंदणीचा आंतरराष्ट्रीय नियम मात्र गाठीच्या वर्तनाला आकडा देतो. साधी असेल तर शून्य, धड इकडची ना तिकडची असेल तर एक, घातक असेल तर तीन. भारतातल्या नोंदणीची मूळ व्याख्या तीन आकड्याच्या गाठींची. अमेरिकेतही हेच होतं. तिथे २००२ मध्ये खास कायदा झाला आणि १ जानेवारी २००४ पासून मेंदूतल्या साध्या गाठीही नोंदवणं देशभर बंधनकारक झालं. त्यानंतर दिसलेलं चित्र असं : मेंदू आणि मज्जासंस्थेच्या प्राथमिक गाठींपैकी सुमारे ७० टक्के घातक नसतात आणि सर्वांत जास्त आढळणारी गाठ आहे मेनिंजिओमा.

आपल्याकडच्या कर्करोग रुग्णालयाची नोंदवही उघडली तर उलट दिसतं. पानांमागून पानं ग्लिओमाची, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींतून उगवणाऱ्या गाठींची. कारण सोपं आहे. मेनिंजिओमाचा रुग्ण केईएम, जेजे किंवा एखाद्या खासगी रुग्णालयाच्या न्यूरोसर्जरी विभागात ऑपरेशन करून घरी जातो. कर्करोग रुग्णालयाची पायरी तो चढतच नाही. ती चढावी लागते रेडिएशन आणि केमोची गरज असलेल्यांना. त्यामुळे या नोंदवहीत गंभीर आजारांचं प्रमाण मुळातच फुगलेलं असतं. तिच्यावरून ‘भारतीयांना घातक गाठी जास्त होतात’ असं कुणी म्हणालं तर ते बरोबर नाही.

आणखी एक गोम आहे. फुप्फुस किंवा स्तनाचा कर्करोग मेंदूत पसरला की घरचे लोक ‘ब्रेन ट्यूमर’च म्हणतात. नोंदवहीत तो रुग्ण फुप्फुसाच्या किंवा स्तनाच्या रकान्यात जातो. या लेखातले आकडे मेंदूतच सुरू झालेल्या गाठींचे आहेत.

मग चित्र काय दिसतं?

इतक्या अटी घातल्यावरही काही गोष्टी ठामपणे सांगता येतात. ग्लिओमा पुरुषांत जास्त, मेनिंजिओमा बायकांत जवळपास दुप्पट. हे जगभर दिसतं. ग्लिओब्लास्टोमाच्या अमेरिकी रुग्णाचं निदानाच्या वेळचं मधलं वय साठीच्या पुढे, ६४-६५ च्या आसपास असतं. भारतीय रुग्णालयांच्या मालिकांत ते साधारण दशकभर अलीकडे सरकतं. याचा अर्थ हा आजार भारतीयांना लवकर गाठतो, असा लगेच काढू नये. एकतर आपली लोकसंख्याच तरुण आहे. दुसरं, सत्तरीच्या माणसाचं बोलणं अडखळू लागलं की ‘वय झालं’ किंवा ‘अर्धांगाचा झटका असेल’ म्हणून अनेकदा एमआरआयपर्यंत गोष्ट जातच नाही. न काढलेला एमआरआय कुठल्याच नोंदवहीत येत नाही.

मोबाइलचं काय, हा प्रश्न प्रत्येक व्याख्यानानंतर विचारला जातो, म्हणून थोडक्यात. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मोबाइलच्या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं होतं. २०२४ मध्ये संघटनेनेच करवून घेतलेल्या अभ्यास-आढाव्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. नक्की सिद्ध झालेलं बाह्य कारण एकच आहे, डोक्यावर झालेला क्ष-किरणांसारख्या किरणांचा मोठा मारा.

मुलांकडे मात्र सावकाश पाहायला हवं. देशातल्या सात मोठ्या रुग्णालयांनी एकत्र येऊन १८ वर्षांखालच्या ३,९३६ मुलांच्या गाठींची मांडणी २०११ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात सुमारे ३५ टक्के ॲस्ट्रोसायटोमा गटातल्या होत्या आणि त्यांतही सर्वाधिक होती पायलोसायटिक ही सौम्य जात. त्याखालोखाल, २२ टक्क्यांच्या आसपास, मेड्युलोब्लास्टोमा आणि तिच्यासारख्या गाठी. पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा पूर्ण काढता आली तर बहुतेक मूल बरं होतं. अमेरिकी नोंदींत अशा गाठींच्या रुग्णांपैकी ९० टक्क्यांहून जास्त पाच वर्षांनंतर जिवंत असतात.

पण याच गाठीचा नोंदणीतला वर्तन-आकडा आहे एक. म्हणजे ‘फक्त तीन आकड्याच्या गाठी नोंदवा’ हा नियम काटेकोर पाळला तर मुलांच्या मेंदूत सर्वाधिक आढळणारी आणि सर्वांत बरी होण्याजोगी गाठ वहीबाहेर राहते. अमेरिकेने ती घातक धरून नोंदवत राहायचं असा तोडगा काढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या बालकर्करोग मोहिमेत ज्या सहा आजारांवर खास लक्ष द्यायचं ठरलं, त्यांत मुलांमधल्या सौम्य ग्लिओमाही आहेत. २०३० पर्यंत कर्करोग झालेल्या मुलांपैकी किमान ६० टक्के वाचावीत, हे त्या मोहिमेचं उद्दिष्ट. जे नीट नोंदलंच जात नाही, त्यात किती मुलं वाचली हे मोजणार कसं?

परत न आलेल्या चाळीस जणांचं काय करायचं?

जगण्याच्या आकड्यातली सर्वांत मोठी फट इथे आहे. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका रुग्णालयात एका वर्षी मेंदूच्या घातक गाठीचे १०० रुग्ण आले. दोन वर्षांनी वही पाहिली. ४० जण गेल्याची नोंद आहे, २० जण तपासणीला येताहेत, उरलेल्या ४० जणांचा पत्ता नाही.

पत्ता नसलेले सगळे जिवंत धरले तर दोन वर्षं जगण्याचं प्रमाण ६० टक्के. सगळे गेले असं धरलं तर २० टक्के. त्यांना वगळून फक्त माहीत असलेल्या ६० जणांवर हिशेब केला तर ३३ टक्के. वही एक, वर्ष एक आणि उत्तरं तीन!

संख्याशास्त्रात यावर नेहमीची पद्धत आहे. रुग्ण शेवटचा दिसला त्या तारखेपर्यंत त्याला जिवंत म्हणून हिशेबात धरायचं आणि तिथून बाजूला काढायचं. पद्धत चांगली आहे, पण तिच्यामागे एक गृहीतक असतं : जे दिसेनासे झाले त्यांची गत इथे येत राहिलेल्यांसारखीच असणार. एखाद्याची बदली झाली, दुसऱ्या शहरात तो ठणठणीत आहे, तर हे ठीक. पण मेंदूच्या घातक गाठीचा रुग्ण दिसेनासा का होतो? चालणं थांबलेलं असतं, नांदेडहून किंवा गोरखपूरहून त्याला ट्रेनमध्ये बसवून आणणं अशक्य झालेलं असतं, पैसे संपलेले असतात, किंवा तो गेलेला असतो आणि रुग्णालयाला कळवायचं असतं हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. अशा वेळी वहीतला आकडा वास्तवापेक्षा गोड दिसतो. याउलट, बरं होऊन कामाला लागलेला तरुण खाडा करून तपासणीला येत नाही, असंही घडतं, पण आक्रमक गाठींत ते कमी.

मृत्यूच्या नोंदींशी नावं जुळवून ही फट बुजवता येईल, असं वाटतं. पण २०२० मध्ये देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय प्रमाणपत्रावर कारण लिहिलेले मृत्यू जेमतेम २२.५ टक्के होते. घरी गेलेल्या माणसाच्या दाखल्यावर मेंदूची गाठ लिहिली जाईलच, याची खात्री नाही. म्हणून आपल्याकडच्या नोंदणी कर्मचाऱ्यांनी वर्षानुवर्षं उत्तराचं पोस्टकार्ड पाठवणं, फोन करणं, घर शोधत जाणं हेच केलं आहे. कुठल्याही संशोधनलेखात त्यांच्या या पायपिटीसाठी एक ओळही नसते, आणि आकड्याचा खरेपणा तर तिच्यावरच उभा असतो.

त्यामुळे एखाद्या रुग्णालयाचा ‘आमच्याकडे जगण्याचं प्रमाण अमुक टक्के’ असा दावा पाहिला की त्या आकड्याआधी शोधावं ते हे की, किती जणांचा ठावठिकाणा लागला नव्हता. तो आकडा दिलाच नसेल तर दाव्याला फारशी किंमत देऊ नये, असं माझं मत आहे.

नाव बदललं, आयुष्य तेवढंच

मेंदूच्या गाठीला इतर कर्करोगांसारखा पहिला, दुसरा, तिसरा टप्पा नसतो. ती सहसा मेंदूबाहेर पसरत नाही. तिला असते प्रत, एक ते चार. २०१६ पर्यंत ही प्रत मुख्यतः सूक्ष्मदर्शकाखालच्या रूपावर ठरायची. २०१६ पासून आणि मग २०२१ च्या जागतिक वर्गीकरणात ठळकपणे पेशीतले जनुकीय बदल केंद्रस्थानी आले. आयडीएच नावाच्या जनुकात बदल असेल तर तशीच दिसणारी गाठ बरीच मंद वागते. २०२१ पासून आयडीएच-बदल असलेल्या मोठ्यांच्या गाठीला ग्लिओब्लास्टोमा म्हणतच नाहीत. ती ॲस्ट्रोसायटोमाची चौथी प्रत झाली.

याचा आकड्यांवर गमतीदार परिणाम होतो. समजा, ‘ब’ तुकडीतला पहिल्या नंबरचा मुलगा ‘अ’ तुकडीत घातला आणि तिथे तो शेवटचा ठरला. दोन्ही तुकड्यांची सरासरी घसरेल, पण एकाही मुलाचा गुण बदललेला नाही. ग्लिओब्लास्टोमा गटातले जास्त जगणारे रुग्ण बाहेर काढून ॲस्ट्रोसायटोमात टाकले की दोन्ही गटांचे आकडे खाली येऊ शकतात आणि प्रत्यक्षात कुणाचंही आयुष्य कमी झालेलं नसतं. २०१२ ते २०१९ च्या नोंदी आणि २०२२ नंतरच्या नोंदी शेजारी ठेवून ‘परिस्थिती बिघडली’ किंवा ‘सुधारली’ असं म्हणताना म्हणूनच जपून राहावं. त्यातून ही चाचणी सगळीकडे होत नाही. जिथे ती झाली नाही तिथे रुग्णाच्या नावापुढे अर्धवट निदान राहतं.

मध्यकाबद्दलही एक गैरसमज फार आहे. १४.६ महिने म्हणजे सगळ्यांना साधारण तेवढेच, असं नाही. त्या दिवसापर्यंत निम्मे गेलेले असतात आणि निम्मे असतात. त्याच चाचणीत औषध मिळालेल्यांपैकी जवळपास १० टक्के पाच वर्षांनंतरही जिवंत होते; फक्त रेडिएशन मिळालेल्यांत हे प्रमाण २ टक्क्यांच्या आत होतं. वय कमी, ऑपरेशनमध्ये गाठ जास्तीत जास्त निघालेली, रुग्ण हिंडता-फिरता आणि गाठीचा जनुकीय प्रकार अनुकूल, अशांची संख्या त्या १० टक्क्यांत जास्त असते.

उशीर कुठे होतो?

पाच वर्षं जगण्याच्या आंतरराष्ट्रीय तुलनेत मुलांच्या मेंदूच्या गाठींइतकी दरी क्वचित दिसते. २०१० ते २०१४ या काळातल्या रुग्णांच्या जागतिक अभ्यासात स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये हे प्रमाण ८० टक्क्यांच्या जवळ होतं, ब्राझीलमध्ये २८.९ टक्के. गाठींचा स्वभाव देशागणिक इतका बदलत नाही. बदलतात ते निदानाला लागणारे आठवडे, बालरोग-न्यूरोसर्जन किती लांब आहे हे आणि उपचार पुरे होतात की नाही हे.

ब्रिटनने २०११ मध्ये लक्षणांची साधी यादी घेऊन जनजागृती मोहीम काढली. मुलांमध्ये पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंतचा मधला काळ पुढे ७ आठवड्यांच्या आत आला. ती यादी आपल्या घरांतही ओळखीची वाटेल. सकाळी उठल्या उठल्या उलटी, वारंवार डोकेदुखी, चालताना तोल जाणं, डोळा तिरळा होणं, लहान बाळाचं डोकं भराभर वाढणं. आपल्याकडे उलटीला पित्त म्हणतात, डोकं दुखण्याला चष्म्याचा नंबर, आणि तोल जाण्याला अशक्तपणा. यातली बहुतेक मुलं खरोखर पित्ताचीच असतात, म्हणून घाबरून प्रत्येकाचा एमआरआय काढायचा नाही. पण दोन आठवड्यांहून जास्त टिकलेली किंवा एकापेक्षा जास्त लक्षणं एकत्र आलेली असतील तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगायला हवं.

हा उशीर नोंदवहीत टिपता येतो. पहिलं लक्षण कधी, एमआरआय कधी, ऑपरेशन कधी, रेडिएशन कधी सुरू झालं, या चार तारखा प्रत्येक रुग्णासमोर असल्या तर कळेल की महाराष्ट्रातला रुग्ण तालुक्यात अडकतो, एमआरआयच्या रांगेत अडकतो की ऑपरेशननंतर रेडिएशन मशीनच्या प्रतीक्षेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं, पण ग्लिओब्लास्टोमाच्या नेहमीच्या रेडिएशनला सहा आठवडे रोज यावं लागतं. शहरात सहा आठवडे राहण्याची सोय हा वेगळा खर्च आहे, आणि उपचार अर्धवट सुटण्याचं तेही एक कारण असतं.

राष्ट्रीय कार्यक्रमाने रुग्णालयांमधल्या उपचारांचे आणि जगण्याचे सविस्तर अभ्यास आधी स्तन, गर्भाशयमुख आणि डोकं-मानेच्या कर्करोगांचे हाती घेतले. रुग्णसंख्या पाहता ते योग्यच होतं. मेंदू त्या पहिल्या यादीत नव्हता. कर्करोगाची नोंद कळवणं त्रिपुरा, पंजाब, कर्नाटकसारख्या काही राज्यांनी बंधनकारक केलं आहे.

रुग्णाच्या घरच्यांसाठी यातली कामाची गोष्ट अशी. डॉक्टर टक्केवारी सांगतात तेव्हा विचारावं की ती कोणत्या वयाच्या रुग्णांची, कोणत्या वर्षांतली, ऑपरेशन झालेल्यांची की सगळ्यांची, आणि आयडीएच तपासून काढलेली आहे का. पॅथॉलॉजीचा मूळ रिपोर्ट आणि गाठीचे ब्लॉक जपून ठेवावेत, कारण राहिलेली चाचणी त्यावर नंतरही करता येते. आणि रुग्णालयाच्या फॉर्मवर रुग्णाच्या नंबरखाली दुसऱ्या फोन नंबरची जागा असते, जी बहुतेक जण रिकामी सोडतात. तिथे गावाकडच्या, नंबर सहसा न बदलणाऱ्या एखाद्या नातेवाइकाचा नंबर लिहावा.